दिवसाला सात मार्क

(बोईसर येथे ‘शिंडलर्स लिस्ट’ हा चित्रपट दाखविल्यानंतर कामगार व विद्यार्थी यांच्या सभेत केलेले भाषण)



स्टीव्हन स्पिलबर्ग यांचा हा चित्रपट १९९३ सालचा. सव्वातीन तासांचा आणि बहुतांशी कृष्णधवल. मी तो आज चौथ्यांदा पाहिला. पहिल्या वेळी डोळ्यांत पाणी आले ते लाल कोटातल्या त्या लहान मुलीसाठी. ते साहजिकच होते. साऱ्या करड्या पडद्यावर दिग्दर्शकाने जवळजवळ तेवढाच एक रंग ठेवला आहे. परंतु इतक्या वर्षांनंतर जी दृश्ये मनातून जात नाहीत, ती रडविणारी नाहीत. ती हिशेबाची आहेत. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाचे लक्ष वहीकडेच जायचे, असे आपण म्हणाल. तसे असेलही.

शिंडलर क्राकोला येतो तो पैसा करण्यासाठी. भांड्यांचा कारखाना चालवायचा आहे. ज्यू कामगार पोलिश कामगारापेक्षा स्वस्त पडतो, हे त्याला श्टर्न हा हिशेबनीस सांगतो. कुशल कामगाराचे दिवसाला सात मार्क, अकुशलाचे आणि स्त्रियांचे पाच. ही रक्कम नाझींच्या एस.एस. संघटनेकडे भरावयाची, प्रत्यक्ष राबणाऱ्याच्या हाती छदामही नाही. हे सारे बोलणे कोणीही आवाज न चढविता होते. श्टर्न स्वतः ज्यू आहे, हे ध्यानात घ्या.

पुढे एक हात नसलेला एक म्हातारा शिंडलरकडे येतो आणि काम दिल्याबद्दल त्याचे आभार मानतो. शिंडलर अवघडतो, श्टर्नवर चिडतो. नंतर रस्त्यावरचे बर्फ उपसताना एस.एस.चे शिपाई त्या म्हाताऱ्याला निरुपयोगी म्हणून गोळी घालतात. शिंडलरची तक्रार काय? एका दिवसाचे उत्पादन बुडाले, एक कामगार गेला, भरपाई मिळाली पाहिजे! पुढे सुमारे अकराशे जीव वाचविणारा हाच माणूस. पण त्या व्यवस्थेत माणसासाठी दाद मागावयाची तर ती नुकसानभरपाईच्या भाषेतच मागता येत होती. आणि तो इतिहासाचा नि साहित्याचा शिक्षक? त्याला अनावश्यक ठरविले जाते, आणि धातूला पॉलिश करणारा कारागीर म्हणून खोटे कागद मिळाल्यावरच तो तात्पुरता वाचतो. त्या रांगेत अर्थशास्त्राच्या प्राध्यापकावर कोणता शिक्का पडला असता, हे वेगळे सांगावयास नको.

हे पटकथेपुरते आहे असे कोणी समजू नये. आपल्यापैकी बरेच जण तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंगांच्या, औषधांच्या, रसायनांच्या कारखान्यांत काम करता, म्हणून मुद्दाम सांगतो. आय. जी. फार्बेन ही त्या काळची जर्मनीतील सर्वांत मोठी रासायनिक कंपनी. तिने ऑशविट्झजवळ मोनोवित्झ येथे कृत्रिम रबराचा कारखाना उभारावयास घेतला आणि छावणीतील कैदी कामाला लावले. अकुशल कैद्याचे दिवसाला तीन मार्क, कुशलाचे चार, तेही एस.एस.लाच. शक्ती संपलेला कैदी परत पाठवावयाचा आणि बदली माणूस घ्यावयाचा. परत म्हणजे कोठे, हे आपण जाणता. युद्धानंतर १९४७-४८ मध्ये न्युरेंबर्ग येथे या कंपनीच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला. तेरा जण दोषी ठरले. आठ वर्षांहून अधिक शिक्षा एकालाही झाली नाही. सात वर्षांची शिक्षा झालेले फ्रिट्झ तेर मेर मुदतीपूर्वीच सुटले आणि १९५६ मध्ये बायर कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळाचे अध्यक्ष झाले.  सुमारे साठ लाख ज्यू ठार झाले होते, त्या युद्धाला तेव्हा अकरा वर्षेच लोटली होती.

विरार-डहाणू लोकलच्या डब्यात आजही एक वाक्य ऐकू येते: या देशाला शिस्त लावायला एखादा हिटलरच हवा. बोलणारा माणूस सज्जन असतो. गाडी उशिरा आलेली असते, एवढेच. त्याचे आत्मचरित्र आपल्याकडे पदपथांवर आणि पुस्तकांच्या दुकानांत राजरोस विकले जाते. एक युक्तिवाद हमखास केला जातो की, त्याने बेकारी संपविली. १९३२-३३ च्या सुमारास जर्मनीत साठ लाखांच्या आसपास बेकार होते आणि पुढे ती संख्या झपाट्याने उतरली, हे खरे. पण ती उतरली प्रामुख्याने शस्त्रास्त्रांवरील खर्चाने, आणि एप्रिल १९३३ च्या कायद्याने ज्यू नोकरदारांना सरकारी सेवेतून हाकलून त्यांच्या जागाही मोकळ्या करण्यात आल्या. हा आकडा वाचताना वजाबाकी कोणाची झाली, हे विचारले पाहिजे. डॉ. राममनोहर लोहिया त्या वेळी बर्लिनमध्ये शिकत होते. ते १९३३ मध्ये परतले ते हे सारे पाहूनच.

ते तिकडचे लोक, आपला काय संबंध, असेही कोणी म्हणेल. आपल्या कोकणातले बेने इस्राएल तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले. मराठी बोलणारी, आडनावात गावाचे नाव लावणारी ही माणसे. कोकणात त्यांच्या धर्मासाठी त्यांना कोणी मारले नाही. युरोपात मारले गेले ते यांचेच धर्मबांधव.

आणखी एक गोष्ट जपून सांगतो. ऑशविट्झची छावणी मुक्त झाली ती २७ जानेवारी १९४५ रोजी. त्याच वर्षी मे महिन्यात, येथून फार दूर नसलेल्या तलासरी भागातील झरी गावी, किसान सभेच्या नेतृत्वाखाली हजारो वारली एकत्र आले आणि वेठ करणार नाही, मजुरीशिवाय काम करणार नाही, असे ठरविले. वेठबिगारी आणि वंशसंहार एक नव्हेत. तशी तुलना करणे म्हणजे दोन्हींचा अपमान होय. पण फुकट राबणारा माणूस सावकाराच्या नजरेला जसा दिसत होता, ती नजर जर्मनीतून आलेली नव्हती.

पुढच्या रविवारी हाच चित्रपट पालघरला दाखवावयाचा आहे. संवाद इंग्रजीत असल्याने मध्यंतरात मराठीतून थोडे समजावून सांगणारा कोणीतरी हवा; महाविद्यालयातील तरुणांनी हे काम घ्यावे. आणि लोकलच्या डब्यातील त्या सज्जन गृहस्थांनाही बोलवा. त्यांच्याशी वाद घालू नका. चित्रपटात यादी टंकलिखित होऊ लागते, ती दृश्ये त्यांना शांतपणे पाहू द्या.