गुडघे दुखत असता चालावे काय?



गुडघेदुखीच्या बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न आम्हांला नित्य ऐकावा लागतो. तो रुग्ण विचारीत नाही, त्याचा मुलगा किंवा सून विचारते : "आता यांनी चालणे बंदच करावे ना?" प्रश्नामागे माया असते. परंतु त्या मायेपोटीच कित्येक वृद्ध घराच्या कोपऱ्यात कायमचे बसले आहेत. दोष आमच्याकडेही जातो. "वयोमानाने झीज झाली आहे, विश्रांती घ्या," एवढ्यावर आम्ही वैद्यकांनी गर्दीच्या दिवशी पुष्कळांची बोळवण केली आहे.

'झीज' हा शब्दच फसवा. न वापरलेले चाक टिकते. गुडघ्याचे तसे नाही. हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत अस्तराला, म्हणजे कूर्चेला, रक्तवाहिन्या नसतात. पाऊल टेकताना ती दबते, उचलताना फुलते, आणि या क्रियेतूनच सांध्यातील द्रवाचे पोषण तिला मिळते. शिवाय गुडघा सावरून धरणारा मांडीचा स्नायू बसून राहिल्याने काही आठवड्यांतच रोडावतो. मग दुखणे वाढते आणि बसणेही.

सत्तरी ओलांडलेल्या एक आजी आमच्याकडे आल्या. अनेक वर्षांच्या पायी वारकरी. त्यांची तक्रार दुखण्याची नव्हतीच. "पोरगा देवळापर्यंतसुद्धा सोडत नाही," एवढेच त्या म्हणाल्या. काठी त्यांनी दुखऱ्या बाजूच्या हातात धरली होती. ती आम्ही दुसऱ्या हातात दिली. खुर्चीत बसून पाय सरळ ताणून दहा अंक मोजावेत, हा व्यायाम दिला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हे शिकविले. उकिडवे बसणे टळावे म्हणून शौचाची खुर्ची घ्यावयास सांगितली. (या खुर्चीची अनेकांना विनाकारण लाज वाटते.) वजनाचेही बोललो : एक किलो वजन उतरले, तर दर पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

दुखणे दुसऱ्या सकाळपर्यंत रेंगाळले तर अंतर कमी करावे, चालणे सोडू नये. मात्र गुडघा एकाएकी सुजून लाल झाला, ताप आला किंवा सांधा अडकला, तर त्वरित दाखवावे. वेदनाशामक गोळ्या मनाने वर्षानुवर्षे घेऊ नयेत; जठर व मूत्रपिंडे त्याची किंमत मोजतात. झोपही न येण्याइतके दुखू लागल्यास सांधेरोपणाचा विचार जरूर करावा. ऑगस्ट २०१७ मध्ये शासनाने कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातल्यापासून तो खर्च काहीसा आटोक्यात आला आहे. परंतु शस्त्रक्रियेनंतरही एक-दोन दिवसांतच चालावे लागते, हे नातेवाइकांनी आधीच जाणून घ्यावे.

तीन महिन्यांनी आजी पुन्हा आल्या. देवळापर्यंत रोज जातात. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट आता नको, हे त्यांनीच मान्य केले. पण वाखरीपासून पुढचा अखेरचा टप्पा तरी चालू द्या, म्हणाल्या. तेवढे अंतर आधी गावात, थांबत थांबत, चालून दाखवा, असे आम्ही सांगितले आहे. सोबत चालण्याचे मुलाने कबूल केले आहे.