खेळाडू मुलीचा डबा

आमचा बचत गट दोन वर्षांपासून कॉलेजच्या वसतिगृहातल्या खेळाडू मुलींना डबे देतो. कबड्डी, खो-खो आणि लांब पल्ल्याचं धावणं, अशा मिळून अठरा मुली. डबे अर्धवट परत यायला लागले, तेव्हा आम्ही मुलींबरोबर बसून त्यांचा दिवसभराचा हिशोब मांडला.

रात्री आठला जेवण. पहाटे साडेपाचला मैदान, पोटात फार तर कपभर चहा. आठला सराव संपतो, साडेआठला तास, अकराला पहिलं जेवण. म्हणजे पंधरा तास पोट रिकामं आणि त्यातले अडीच तास पळापळीचे. औताला जुंपायच्या आधी आपण बैलाला वैरण टाकतो, बरं का.

हे सगळं गरिबीनंच होतं असं नाही. घरी मुलगी आईबरोबर शेवटी जेवते, उरेल ते वाढून घेते. ती सवय वसतिगृहातही सोबत जाते. त्यात धावणाऱ्या मुलींच्या डोक्यात बसलेलं असतं की वजन घटलं की वेग वाढतो. म्हणून दोनाची एक भाकरी आणि एकीची अर्धी होते.

त्यातल्या एकीची पाळी चार महिने आली नव्हती. मैत्रिणी म्हणाल्या, बरंच झालं, स्पर्धेत कटकट नाही. मैत्रिणींनो, हे बरं नाही. कष्टाच्या मानानं खाणं कमी पडलं की शरीर काटकसर करतं आणि पाळी थांबवतं. असंच चालू राहिलं तर हाडं कमकुवत होतात, नडगीच्या हाडाला बारीक चीर जाते आणि खेळ सुटतो. पाळी थांबायला दुसरीही कारणं असतात. म्हणून तीन महिने वाट पाहिलीत तेवढी पुरे, डॉक्टरांना दाखवा. या मुलीला आम्ही तालुक्याला नेलं. हिमोग्लोबिन ८.४ निघालं. बाईचं १२ च्या खाली गेलं तर ती कमतरता समजतात. ही एकटी नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींना रक्तक्षय आढळला होता.

आता पावडरीचं. गटाच्या मासिक बैठकीत एका ताईंनी तीन हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कशासाठी? मुलीच्या प्रोटीन पावडरीसाठी. जिममधल्या कुणीतरी सांगितलं होतं. आम्ही तिथंच वहीच्या मागच्या पानावर गणित केलं. तो डबा महिनाभर जातो. सात रुपयांचं एक अंडं धरलं तर तेवढ्याच पैशात रोज दोन अंडी सात महिने खाता येतात. ताई म्हणाल्या, आम्ही माळकरी, अंडं घरात चालत नाही. नको चालू दे. मूठभर शेंगदाण्यांत सात ग्रॅम प्रथिनं असतात, ग्लासभर दुधातही जवळपास तेवढीच. शिवाय मटकी, हरभरा, सोयावडी आहेत आणि आपल्या भागातलं हुलग्याचं माडगंही आहे. खेळाडूला किलोमागे दिवसाला १.२ ते २ ग्रॅम प्रथिनं लागतात. पन्नास किलोच्या मुलीला किमान साठ ग्रॅम. दोन वेळच्या डाळ-भाकरीला एवढी जोड दिली की ते जमतं.

पण भाकरी कमी करून नुसती प्रथिनं वाढवली तर काय उपयोग? भाकरीतली ताकद कमी पडली की शरीर तीच प्रथिनं जळणासारखी वापरून टाकतं. पी. टी. उषांचं उदाहरण घ्या. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळा शर्यतीत त्यांचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. तिथं तांदळाची पेज आणि लोणच्यावर राहावं लागलं, शेवटच्या टप्प्यात ताकद कमी पडली, असं त्यांनी पुढं मुलाखतीत सांगितलं.

पावडरीचा आणखी एक धोका. काही डब्यांत बंदी असलेली द्रव्यं मिसळलेली सापडतात. तपासणीत ती निघाली तर मला माहीत नव्हतं असं म्हणून सुटका होत नाही, बंदी खेळाडूवरच येते.

आम्ही काय बदललं ते सांगतो. रात्रीच्या डब्याबरोबर पहाटेची पुडी देतो. तिच्यात एक केळं आणि शेंगदाण्याचा एक लाडू असतो. सरावानंतर मैदानावरच दुसरा डबा. दोन चपात्या, मोडाची उसळ, त्यावर लिंबू, आणि अंडी किंवा दही. चहा मात्र जेवणानंतर तासाभरानं, कारण जेवणाबरोबरचा चहा अन्नातलं लोह अंगाला लागू देत नाही. दर दिवसाला वीस रुपयांनी वाढला. त्यावरून दोन पालक रागावले, एकांनी डबा बंद केला. तास अर्ध्या तासानं पुढं ढकलावा असा अर्ज मुलींनी दिलाय, अजून उत्तर नाही.

राहिला उपवास. नवरात्र आणि विद्यापीठाच्या निवड चाचण्या दरवर्षी मागंपुढंच येतात. उपवास सोडा असं आम्ही कुणाला म्हणणार नाही, तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, आणि नुसत्या पाण्यावर नऊ दिवस सराव करणं धोक्याचं आहे. आम्ही राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, रताळं आणि दूध असा उपवासाचा डबा देणार आहोत. ज्यांना तो हवा असेल त्यांनी घटस्थापनेच्या दोन दिवस आधी गटाच्या कोणत्याही ताईला सांगावं.