नुसते एक लिहीत गेलो तर

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी 'डेम्लो' संख्या अभ्यासल्या. 111 चा वर्ग 12321, 1111 चा 1234321. त्यांतल्या या सर्वांत देखण्या. पण ज्यांचे हे वर्ग, त्या नुसत्या एक या अंकाने बनलेल्या संख्या मूळ असतात का? शाळेतल्या मुलांनाही हे वहीत तपासता येईल. एकांची गिनती संयुक्त असेल, तर संख्या हमखास फुटते: 1111 म्हणजे 11 गुणिले 101. पण गिनती मूळ असली तरी खात्री नाही. 111 म्हणजे 3 गुणिले 37 आणि 11111 म्हणजे 41 गुणिले 271. 11 नंतर मूळ संख्या भेटते ती थेट 19 एकांची, मग 23 आणि त्यानंतर एकदम 317 एकांची.

कोणी म्हणेल, हा दशमान पद्धतीचा योगायोग, नुसती करमणूक. पहिला आक्षेप अर्धाच खरा आहे. पद्धत बदलली की संख्या बदलतात, नियम मात्र तोच राहतो. द्विमान पद्धतीत नुसते एक लिहिले की मर्सेन संख्या मिळतात. ऑक्टोबर 2024 मध्ये सापडलेली, तेव्हाची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या याच कुळातली: 2 चा 13,62,79,841 वा घात वजा 1. ही संख्या नेहमीच्या पद्धतीने लिहिली, तर 4,10,24,320 अंक भरतात. या कुळासाठी ल्युका-लेमर ही खास कसोटी आहे, म्हणून तर एवढी मोठी संख्या तपासता आली. दुसऱ्या आक्षेपात मात्र तथ्य आहे: व्यवहारातल्या गुप्त संदेशांना ती निरुपयोगीच, कारण सगळ्यांना ठाऊक असलेली किल्ली काय कामाची? तिथे शेकडो अंकी, यदृच्छेने निवडलेल्या मूळ संख्या लागतात. ही संख्या नेहमीच्या पद्धतीने लिहिली, तर 4,10,24,320 अंक भरतात.