टोकियोचे रौप्यपदक आणि त्यामागील वाटचाल

क्रीडांगणावरील यशाची वार्ता एका दिवसात देशभर पोहोचते. त्या यशामागील वर्षांची चौकशी मात्र फारसे कोणी करीत नाही. २९ ऑगस्ट २०२१ रोजी, मेजर ध्यानचंद यांच्या जयंतीदिनी म्हणजेच राष्ट्रीय क्रीडादिनी, टोकियो येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत भाविना हसमुखभाई पटेल यांनी टेबल टेनिसच्या महिला एकेरीत रौप्यपदक मिळविले. या स्पर्धेत टेबल टेनिसचे पदक भारताच्या वाट्याला त्यापूर्वी कधीही आले नव्हते. २०१६ मध्ये रिओ येथे गोळाफेकीत रौप्यपदक मिळविणाऱ्या दीपा मलिक यांच्यानंतर पॅरालिम्पिक पदक मिळविणाऱ्या त्या दुसऱ्याच भारतीय महिला होत. पदक स्वीकारताना त्यांचे वय चौतीस वर्षांचे होते. या चौतीस वर्षांत त्यांना काय मिळाले आणि काय मिळावयास उशीर झाला, हे पाहिल्याखेरीज त्या पदकाचे मोल कळणार नाही.

सुंढिया ते अहमदाबाद

भाविना यांचा जन्म ६ नोव्हेंबर १९८६ रोजी गुजरात राज्यातील मेहसाणा जिल्ह्यात, सुंढिया या खेड्यात झाला. वडिलांचे गावात लहानसे दुकान. मूल जेमतेम वर्षाचे होते न होते तोच पोलिओने त्याला गाठले आणि पायांतील बळ गेले. देशव्यापी पल्स पोलिओ मोहीम १९९५ मध्ये सुरू झाली आणि २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. तोपर्यंत या रोगाने ज्यांचे पाय हिरावून घेतले, त्या पिढीतील असंख्य मुलांपैकी ही एक मुलगी.

खेड्यातील शिक्षण आटोपल्यावर संगणकाचे शिक्षण घेण्यासाठी त्या अहमदाबाद येथील अंधजन मंडळात आल्या. खेळाडू व्हावे असा संकल्प त्यामागे नव्हता. हाताला एखादे कौशल्य यावे आणि स्वतःच्या कमाईवर उभे राहावे, एवढीच अपेक्षा होती. परंतु त्या संस्थेत टेबल टेनिसचे टेबल होते. इतर दिव्यांग मुले त्यावर खेळत असलेली त्यांनी पाहिली आणि आपणही बॅट हाती घ्यावी असे त्यांना वाटले. व्यायाम आणि विरंगुळा म्हणून धरलेली ती बॅट पुढे सुटली नाही. ललन दोशी यांच्या मार्गदर्शनाखाली सराव सुरू झाला आणि काही वर्षांतच त्यांची गणना देशातील अग्रगण्य खेळाडूंमध्ये होऊ लागली.

खुर्चीतील खेळाचे शास्त्र

चाकांच्या खुर्चीवरील टेबल टेनिस म्हणजे मूळ खेळाची सोपी केलेली आवृत्ती, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. टेबलाची लांबी २७४ सेंटिमीटर, उंची ७६ सेंटिमीटर आणि जाळीची उंची १५.२५ सेंटिमीटर ही मापे दोन्हीकडे तीच आहेत. डावही तसाच अकरा गुणांचा. खुर्ची पुढे घेता यावी म्हणून टेबलाचे पाय कडेपासून आत असावे लागतात. खेळाडूंची विभागणी शारीरिक क्षमतेनुसार केली जाते. पहिले पाच वर्ग खुर्चीवरून खेळणाऱ्यांचे असून क्रमांक जितका लहान तितके व्यंग अधिक. भाविना चौथ्या वर्गात खेळतात.

नियमांत फरक आहे तो मुख्यतः सर्व्हिसचा. सर्व्हिसचा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला टप्पा घेऊन टेबलाच्या मागील कडेवरूनच बाहेर गेला पाहिजे. तो बाजूच्या कडेने निसटला, टेबलावरच थांबला किंवा जाळीकडे परत फिरला, तर गुण कोणालाच न देता सर्व्हिस पुन्हा करावी लागते. ज्याला झटकन पाऊल टाकता येत नाही, त्याच्या हाताबाहेर पहिलाच चेंडू टाकून गुण मिळविणे न्यायाचे नव्हे, एवढाच या नियमाचा अर्थ. चेंडू एकदा परतविला गेला की ही सवलत संपते. मग तो कडेकडे वळवावा, जाळीलगत अलगद सोडावा किंवा उंच उडवून अशी फिरकी द्यावी की टप्पा पडताच तो मागे फिरावा. हे सारे नियमात बसते. चेंडू टोलविताना मांडीचा मागील भाग आसनावरून उचललेला चालत नाही आणि पाय जमिनीला टेकलेले चालत नाहीत. पायांचे काम येथे नजरेला आणि मनगटाला करावे लागते. चेंडू कोठे येणार हे आधी ओळखणे, हाच या खेळाचा प्राण होय.

हा खेळ १९६० च्या रोम येथील स्पर्धेपासून प्रत्येक पॅरालिम्पिकमध्ये खेळला जात आहे. महाराष्ट्राचा या इतिहासाशी जुना संबंध आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे भारतीय सेनेतील जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. १९६८ मध्ये तेल अवीव येथील पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. चारच वर्षांनी हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर जलतरणात सुवर्णपदक मिळवून त्यांनी भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. जलतरणातील यश असे लवकर आले. टेबल टेनिसमधील पदकासाठी मात्र तेल अवीवनंतर त्रेपन्न वर्षे वाट पाहावी लागली.

प्रतीक्षेची वर्षे

२०११ मध्ये थायलंड येथील आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भाविना यांनी रौप्यपदक मिळविले, तेव्हा जागतिक क्रमवारीत त्या दुसऱ्या स्थानी पोहोचल्या. २०१३ मध्ये बीजिंग येथे आशियाई स्पर्धेतही त्यांना रौप्यपदक मिळाले. इतके असूनही २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये त्या खेळू शकल्या नाहीत. पात्रता मिळविली होती, परंतु तांत्रिक कारणाने प्रवेश हुकला. ज्या स्पर्धेसाठी खेळाडू चार वर्षे झटतो, ती डोळ्यांदेखत निघून जाणे म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. त्यांनी सराव थांबविला नाही. पुढील संधी एका वर्षाने आणखी लांबली, कारण महामारीमुळे टोकियोची २०२० ची स्पर्धा २०२१ मध्ये भरली. त्या काळात घरीच सराव चालू राहिला. भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या साहाय्याने चेंडू फेकणारे यंत्र आणि खेळासाठी योग्य अशी खुर्ची त्यांना मिळाली होती. समोर खेळावयास माणूस नसतानाही यंत्रासमोर हात चालू ठेवता आला.

पराभवाने सुरुवात

टोकियोतील आरंभ मात्र उत्साहवर्धक नव्हता. पहिल्याच सामन्यात चीनच्या झोऊ यिंग यांनी त्यांना ३-११, ९-११, २-११ असे पराभूत केले. दुसरा सामना गमावला असता तर परतीचाच मार्ग होता. ब्रिटनच्या मेगन शॅकल्टन यांच्याविरुद्धच्या त्या सामन्यात तिसरा डाव १७-१५ आणि चौथा १३-११ असा जिंकून त्यांनी स्पर्धेतील स्थान राखले. त्यानंतर ब्राझीलच्या जॉयस डी ऑलिव्हेरा आणि रिओच्या सुवर्णपदक विजेत्या, सर्बियाच्या बोरिस्लावा पेरिच-रांकोविच यांना त्यांनी सरळ तीन डावांत नमविले. उपांत्य फेरीत चीनच्या झांग मियाओ यांच्याशी गाठ पडली. यापूर्वी त्यांच्याविरुद्ध भाविना यांना एकही सामना जिंकता आला नव्हता. हा सामना पाच डाव चालला : ७-११, ११-७, ११-४, ९-११, ११-८. वर्षानुवर्षे ज्या खेळाडूपुढे हार पत्करली, तिच्याविरुद्धचा पहिला विजय नेमका हवा तेव्हा मिळाला.

अंतिम सामन्यात पुन्हा झोऊ यिंग होत्या आणि पुन्हा पराभव झाला : ७-११, ५-११, ६-११. सुवर्णपदक हुकले, पण चार दिवसांपूर्वीच्या गुणांशी हे गुण ताडून पाहिले असता एवढे दिसते की अंतर थोडे कमी झाले होते.

पुढे २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धेत कांस्यपदक. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत तिसऱ्यांदा झोऊ यिंग समोर आल्या. या वेळीही सामना गेला, पदकही गेले. परंतु पहिला डाव १२-१४ पर्यंत लांबला, तिसरा भाविना यांनी ११-८ असा जिंकला. जगातील सर्वश्रेष्ठ खेळाडूंपैकी एकीशी तीन सामने, तिन्ही पराभव, आणि प्रत्येक पराभवात आधीपेक्षा थोडी अधिक झुंज. पदकांच्या यादीत याची नोंद होत नाही. खेळाडूच्या जीवनात मात्र होते.

योगायोगावर किती विसंबावे?

भाविना यांच्या जिद्दीविषयी कौतुकाचे शब्द पुष्कळ बोलले गेले आणि ते योग्यच आहेत. २०२१ चा अर्जुन पुरस्कार हा त्याच कौतुकाचा राष्ट्रीय आविष्कार. परंतु या जीवनकथेतील एक गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. संगणक शिकण्यासाठी त्या दुसऱ्या एखाद्या संस्थेत गेल्या असत्या, तर? त्या संस्थेत टेबल नसते, किंवा असूनही ते जिन्याच्या वरच्या मजल्यावर असते, तर? जिद्द तीच राहिली असती. तिला वाट सापडली नसती. विशीच्या उंबरठ्यावर योगायोगाने भेटलेला खेळ दहाव्या वर्षी गावातच भेटला असता, तर काय घडले असते, याचे उत्तर कोणीच देऊ शकत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या तिसाव्या कलमाने क्रीडाक्षेत्रात दिव्यांगांचा परिणामकारक सहभाग राहील, याची जबाबदारी शासनावर सोपविली आहे; क्रीडासुविधांची रचना त्यांना सोयीची करणे हेही त्यात अंतर्भूत आहे. कायद्याचा हा शब्द प्रत्यक्षात उतरावयाचा तर फार मोठ्या खर्चाचीच गरज असते असे नाही. क्रीडा संकुलाच्या पायऱ्यांशेजारी एक उतरण, खुर्ची आत जाईल एवढा रुंद दरवाजा, पाय आत असलेले एक टेबल, आणि खुर्चीतील मुलाला ‘तू बाजूला बैस’ असे न म्हणता त्याच्या हाती बॅट देणारा शिक्षक; एवढ्याने आरंभ होऊ शकतो. शाळा, ग्रामपंचायती, क्रीडा मंडळे आणि पालक यांनी मनावर घेतल्यास हे अवघड नाही.

सुंढियाच्या कन्येने टोकियोहून आणलेले पदक गौरवाचे आहेच. पण तिच्यासारख्या मुली गावोगावी आहेत. त्यांच्या खुर्चीपासून टेबलापर्यंतचे अंतर कमी करणे, हाच त्या पदकाचा खरा सन्मान होय.