चवदार तळ्याचा दहा वर्षांचा खटला



आज २० मार्च. १९२७ साली याच दिवशी परमपूज्य बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ही हकीकत येथील लहान मुलांनाही ठाऊक आहे. ती मी पुन्हा सांगत बसणार नाही. मी पेशाने वकील. तेव्हा त्या ओंजळीच्या आधी आणि नंतर जे कागद झाले, त्यांविषयीच बोलावे हे बरे.

पहिला कागद १९२३ चा. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला की, सार्वजनिक पैशाने बांधलेले व चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांस मोकळ्या असाव्यात. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने आपले तळे तसे मोकळे केले. हक्क कागदावर आला. परंतु पुढची तीन वर्षे एकाही अस्पृश्याची घागर त्या तळ्यात बुडाली नाही. यात भित्रेपणाचा प्रश्न नव्हता. ज्याच्या शेतावर मजुरी करावयाची आणि ज्याच्या दुकानी उधारी चालावयाची, तोच वाटेत काठी घेऊन उभा असता एकट्यादुकट्याने ठरावाचा कागद दाखवून पाणी भरावयाचे कसे? हजारो माणसे एका दिवशी, एका वाटेने, मिळून गेली, तेव्हा तो ठराव खरा झाला. त्याची किंमतही लागलीच द्यावी लागली. त्याच दुपारी परतणाऱ्या लोकांची डोकी फुटली, पुढे पंचगव्याने तळे ‘शुद्ध’ झाले आणि ऑगस्टात नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

आता नंतरचे कागद पाहू. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तोच काही सवर्ण गृहस्थांनी दिवाणी दावा लावला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी तेथे पाणी न भरण्याची वहिवाट अनादि आहे, असे त्यांचे म्हणणे. पहिले प्रतिवादी खुद्द बाबासाहेब. कोर्टाने तात्पुरता मनाईहुकूम दिला. पंचवीस तारखेला हजारो लोक तुरुंगाची तयारी करून महाडास जमलेले, आणि समोर हा हुकूम! मनुस्मृतीचे दहन त्याच परिषदेत झाले, ते सर्वांच्या स्मरणात आहे. पण त्याच परिषदेने बाबासाहेबांच्या सल्ल्यावरून सत्याग्रह तहकूब केला, तळ्याभोवती मिरवणूक काढली आणि पाण्यास न शिवता ती परत फिरली. आपल्या तरुणांना हा भाग रुचत नाही, हे मी जाणतो. माझ्या मते मात्र पाणी पिण्याहून हे अवघड होते. रागावलेल्या हजारो माणसांनी एका विचाराने हात आवरणे हीसुद्धा सामुदायिक कृतीच होय.

मग दहा वर्षे तारखा चालल्या. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने वादींचे अपील फेटाळले. निकाल आपल्या बाजूने झाला, तरी तो नीट समजून घेतला पाहिजे. अस्पृश्यता अन्याय्य आहे, एवढ्याच कारणावर तो निकाल झालेला नाही. वहिवाट अनादि काळापासूनची असल्याचे वादींना शाबीत करता आले नाही, हे त्याचे कारण. न्यायाची एवढी अरुंद फट दहा वर्षांनी उघडली! ती रुंद केली संविधानाने. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते अशी नावे घालून मज्जाव बंद केला. बोले ठराव आणि हा अनुच्छेद शेजारी ठेवून वाचा; मधल्या काळात महाड आहे, हे ध्यानी येईल.

आपण ज्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत खेटे घालता, त्याचीही कथा अशीच आहे. १९५६ साली धर्मांतर झाले आणि केंद्राच्या लेखी आपले बांधव अनुसूचित जातींच्या यादीबाहेर पडले. १९६४ च्या डिसेंबरात कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली जो देशव्यापी सत्याग्रह झाला, त्यात जमिनीच्या मागणीबरोबर बौद्धांच्या सवलतींचीही मागणी होती. स्त्रिया कडेवर मुले घेऊन तुरुंगात गेल्या. केंद्राचा कायदा बदलावयास १९९० उजाडले.

मिळालेले टिकविण्यासही पुन्हा एकत्र यावे लागते. २०१८ साली, योगायोगाने २० मार्च रोजीच, सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने अत्याचार प्रतिबंधक कायद्याची धार बोथट केली. २ एप्रिलला भारत बंद झाला. ऑगस्टात संसदेने कलम १८-अ घातले आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयानेही आपले ते निर्देश मागे घेतले. परंतु त्या बंदच्या दिवशी ठिकठिकाणी माणसे दगावली आणि कित्येक तरुणांवर खटले भरले गेले. हात आवरण्याचा महाडचा तो दुसरा दिवस शिकलो असतो, तर काही जीव व काही खटले वाचले असते काय, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

एक अनुभव सांगतो. सार्वजनिक पाणवठ्यावर मारहाण झालेल्या एका कुटुंबाचे काम मी चालविले. फिर्याद चांगली होती. साक्षीदार चार, चौघेही आपलेच. निकालापूर्वी तिघे फितूर झाले. मला त्यांचा प्रथम फार राग आला. पुढे कळले की, एकाचा मुलगा आरोपीच्या ट्रॅक्टरवर कामास होता, दुसऱ्याने लग्नासाठी त्याच घरून कर्ज उचलले होते, आणि तिसरी विधवा बाई गावात एकटी राहत होती. दोन वर्षांत आमच्यापैकी कोणीही त्यांच्या घरी गेले नव्हते. मीसुद्धा नाही. आरोपी सुटले. कायद्यात कलम १५-अ आहे; साक्षीदारांना संरक्षण, प्रवासखर्च व निर्वाहखर्च देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. पण ते मागावे लागते, आणि आम्ही अर्जच केला नव्हता.

आपल्या या विहारातील एका भगिनीची साक्ष पुढील महिन्यात आहे. तिचा कलम १५-अ खालील अर्ज मी लिहून आणला आहे. सभा संपताच तिने सही करावी. जिल्हा कोर्टास जाणारी पहिली एसटी सकाळी सहाला सुटते. तिच्यासोबत कोण कोण जाणार, त्यांनी आपली नावे आताच या वहीत लिहावीत. एकच तारीख पुरणार नाही, म्हणून वहीत रकाने बारा आखले आहेत.

जय भीम.