पडद्यावरचा बोरघाट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आम्ही बोलावे असा आग्रह चिटणिसांनी धरला, तेव्हा केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षे घालवलेल्या माणसाने ज्या विषयावर बोलावे, तोच विषय आम्ही सुचवला. चिटणीस नम्रपणे म्हणाले, "साहेब, फायलींचे राहू द्या. तुमच्या त्या डोंगराविषयी बोला." म्हणून आज फायली घरी ठेवून डोंगर घेऊन आलो आहोत.

आपल्यापैकी अनेकांना २००९ सालचा गणेशोत्सव आठवत असेल. त्या वर्षी कार्यकारिणीने ठरवले की, देखावा हलता असावा आणि तो बोरघाटातील रेल्वेचा असावा. रेल्वेच्या लेखाविभागातील आमच्या स्नेह्यांपाशी परदेशातून आणलेले एक लहान इंजिन आणि चार डबे होते. रुळांतील अंतर साडेसोळा मिलिमीटर, प्रमाण एकास सत्त्याऐंशी. रूळ, वीज आणि वळणे त्यांनी पत्करली. मागचा पडदा रंगवण्याचे काम आमच्याकडे आले, कारण शाळेत असताना चित्रकलेची इंटरमीजिएट परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे आम्ही पूर्वी कधीतरी बोलून गेलो होतो. सार्वजनिक कार्यात असे बोललेले कोणी विसरत नाही.

पडद्याची एवढी गरज काय, असे कोणी विचारील. आम्ही हिशेब मांडला होता, तो सांगतो. कर्जत ते लोणावळा हे रेल्वेचे अंतर सुमारे अठ्ठावीस किलोमीटर. एकास सत्त्याऐंशी या प्रमाणाने ते सव्वातीनशे मीटर भरते. आपल्या सभागृहातील टेबल होते बारा फूट लांब आणि पाच फूट रुंद. घाटाची मूळ चढण १,८३१ फुटांची. त्याच प्रमाणाने डोंगर एकवीस फूट उंच करावा लागला असता, आणि आपल्या सभागृहाचे छत अकरा फुटांवर आहे. घाटात जिथे चढ सर्वांत तीव्र आहे तिथे सदतीस फूट पुढे गेले की गाडी एक फूट वर चढते; म्हणजे आमच्या बारा फुटांत ती चार इंचही चढणार नव्हती. तेव्हा टेबलावर येईल तो घाटाचा एक तुकडा, आणि उरलेला सगळा सह्याद्री मागच्या सपाट फळीवर. इंग्रजीत याला बॅकड्रॉप म्हणतात. आपल्याला नाटकाची सवय असल्यामुळे आम्ही पडदाच म्हणतो.

नाटकाच्या सवयीने पहिली फसगतही केली. मंडळापाशी जुन्या संगीत नाटकांच्या काळातला एक जंगलाचा पडदा होता. तोच मागे लावावा, खर्च वाचेल, असे खजिनदारांचे मत पडले. लावून पाहिला. एकेक पान डब्याएवढे! गाडी घाटातून न जाता एखाद्या भाजीच्या वाफ्यातून चालल्यासारखी दिसू लागली. यात त्या पडद्याचा दोष नव्हता. कोल्हापूरच्या आनंदराव पेंटर व बाबुराव पेंटर यांच्यासारखे कलावंत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत, तेव्हा शेवटच्या रांगेतला प्रेक्षक त्यांच्या डोळ्यांसमोर असे. नाटकाचा पडदा लांबून पाहायचा असतो, म्हणून त्यावरची रेघ ठळक आणि रंग भडक. लहान रेल्वेसमोर माणूस दोन फुटांवर उभा राहतो, आणि मूल तर टेबलावर हनुवटीच टेकते. येथला पडदा जितका मुका असेल तितका चांगला.

हे आम्हांस तेव्हा ठाऊक असते तर फार बरे झाले असते. आम्ही दुकानातून चकचकीत तैलरंग आणले, हार्डबोर्डाचे तीन तुकडे जोडले आणि चार रात्री जागून डोंगर रंगवले. गर्द निळे आकाश, त्यात पांढरेशुभ्र ढग, आणि त्रिकोणी निळी शिखरे एकामागे एक. सुधारणेच्या भरात एका टेकडीवर देऊळ आणि देवळाकडे जाणारी एक बैलगाडीही काढली. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी दिवे लावले आणि गाडी सोडली. चकचकीत रंगावर दिव्यांची प्रतिबिंबे चमकू लागली. आकाशात तीन सूर्य. दिवे खाली आणि समोर असल्यामुळे इंजिनाची भली मोठी सावली ढगांवरून धावत गेली. गाडी सात फेऱ्या मारून आली तरी बैलगाडी जागची हलली नव्हती. एका मुलाने विचारले, "काका, बैल मेला का?"

हे सारे हसण्यावारी नेता आले असते. पण त्याच वेळी आपल्या मंडळातील एक वृद्ध आजी पुढे आल्या. आज त्या हयात नाहीत. त्यांचे वडील रेल्वेत होते आणि आजींचे बालपण कर्जतच्या रेल्वे वसाहतीत गेले होते. लग्नानंतर इकडे आल्या, त्यास तेव्हा साठ वर्षे होत आली होती, आणि प्रकृतीमुळे पुन्हा तिकडे जाणे होणार नव्हते. घाटाचा देखावा आहे असे ऐकून त्या नातवाचा हात धरून आल्या होत्या. चष्मा पुसून त्यांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "डोंगर छान काढलेस रे बाळ. पण हे आमचे नव्हेत."

आम्हांस राग आला, हे कबूल करतो. घरी जाऊन विचार केला, तेव्हा ध्यानात आले की, आजींचे म्हणणे खरे होते. ती त्रिकोणी शिखरे आम्ही कुठे पाहिली होती? बहुधा एखाद्या कॅलेंडरावर. आमचा जन्म देशावरचा. पुण्याहून मुंबईस जाताना घाट अनेकदा ओलांडलेला. तरीही डोळे मिटून सह्याद्री आठवावा म्हटले की हाती येत होती ती बर्फ पुसून टाकलेली हिमालयाची शिखरे. या शहरात गच्चीवर उभे राहिले तर क्षितिज चारी बाजूंनी ताटाच्या काठासारखे सरळ दिसते. इथे जन्मलेल्या आपल्या मुलांनी डोंगर असा पाहिलेलाच नव्हता. त्यांना सह्याद्री म्हणजे आम्ही रंगवू तोच. सरकारी कागदावर चुकीची नोंद झाली की पुढे कित्येक वर्षे तीच खरी धरली जाते, हे आमच्याइतके कोणास ठाऊक असणार?

देखावा त्या वर्षी तसाच पार पडला. पुढल्या वर्षी, म्हणजे २०१० साली, श्रावणात आम्ही रजा प्रवास सवलत घेऊन पुण्यास गेलो. कोथरुडात जोशी यांचे लहान रेल्वेंचे संग्रहालय आहे, ते प्रथम पाहिले. मग खास या कामासाठी कर्जतहून लोणावळ्यापर्यंत चढणीच्या गाडीने दोनदा प्रवास केला. सौभाग्यवतींनी त्यास काय नाव दिले ते येथे सांगत नाही. कर्जतला गाडी थांबते, मागून ढकलणारी इंजिने जोडली जातात, तेवढ्यात वडे घेऊन होतात, आणि मग पळसदरी, जांब्रुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल अशी एकेक नावे मागे पडू लागतात. हा मार्ग १८६३ साली पुरा झाला. तो खोदताना हजारो मजूर पटकीने आणि तापाने दगावले. एका बोगद्यातून निघून दुसऱ्यात शिरेपर्यंत जो काही क्षणांचा उजेड मिळतो, तेवढ्यात आम्ही वहीत रेघा ओढीत होतो.

काय दिसले? पहिली गोष्ट, सह्याद्रीला शिखरे अशी फारशी नाहीतच. तो वरून कापल्यासारखा सपाट आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचले, त्यांचा हा डोंगर. त्यामुळे कड्यावर आडवे पट्टे दिसतात, काळा खडक, मग गवताची हिरवी पट्टी, पुन्हा खडक, जणू कोणी पायऱ्या बांधून काढल्या आहेत. नागफणीचा सुळका आणि राजमाचीचे दोन बालेकिल्ले ही माथ्यावरची ओळखीची चिन्हे. तेवढी बरोबर जागी आली की तिकडचा माणूस चित्र ओळखतो. आमच्या कॅलेंडरी डोंगरांत सगळ्या रेषा उभ्या-तिरप्या होत्या. येथे त्या आडव्या हव्या होत्या.

दुसरी गोष्ट रंगाची. दूरचा डोंगर निळा, हे प्रत्येक चित्रकला शिक्षक सांगतो आणि ते खरेही आहे. मधल्या हवेत उजेड विखुरतो, म्हणून अंतर वाढेल तसा रंग फिका आणि निळसर होत जातो. परंतु आपला देखावा भाद्रपदाचा. त्या दिवसांत घाटातील हवेत पाणीच पाणी असते. जवळचा उतार डोळ्यांत भरेल असा हिरवा, त्यामागचा राखाडी हिरवा, आणि तिसरी रांग तर आकाशाच्याच रंगाची. तिची कडा आहे की नाही असा संशय यावा. माथे ढगात बुडालेले. कड्यावरून धबधबे उतरतात, ते लांबून दोऱ्यासारखे दिसतात आणि लांबून ते पडताना मुळीच दिसत नाहीत. चित्रकाराला याहून सोयीची गोष्ट कोणती? न हलणारी बैलगाडी खोटी वाटते, न हलणारा दूरचा धबधबा वाटत नाही.

परत आल्यावर जुने हार्डबोर्ड बाजूला ठेवले. नवे काम प्लायवूडवर केले आणि दोन्ही कोपरे हार्डबोर्ड वाकवून गोल केले, कारण काटकोनाचा कोपरा आला की आकाशाला घडी पडल्यासारखी दिसते. रंग साधे डिस्टेंपर. त्याला चकाकी नसते. पांढऱ्यात काजळी, थोडी नीळ आणि किंचित काव मिसळून भाद्रपदाचे आकाश केले, ते क्षितिजाकडे उतरताना अधिकाधिक पांढरे करीत नेले. मागून पुढे असा क्रम ठेवला. सर्वांत दूरची रांग आकाशाचाच रंग थोडा गडद करून एका बैठकीत उरकली, आणि जवळच्या रांगेपर्यंत येता येता पिवडी व हिरवा वाढवला. झाडे ब्रशाने न काढता स्पंजाच्या तुकड्याने टिपली. क्षितिजाची उंची ठरवताना मात्र अडचण आली. मोठ्यांच्या डोळ्यांची पातळी धरावी की मुलांच्या? आम्ही मुलांच्या बाजूने कौल दिला. त्यासाठी खजिनदारांना स्टुलावर बसवून पाहण्यास लावले.

सर्वांत अवघड जागा म्हणजे टेबल संपते आणि पडदा सुरू होतो तो सांधा. तेथे रस्ता किंवा नदी सरळ पडद्यात नेली की एका जागेवरून ती ठीक दिसते आणि पाऊलभर सरकले की मोडते. म्हणून सांध्यापुढे आम्ही एक बुटकी टेकडी उभी केली, रंगवलेल्या भुशाचे गवत लावले आणि पडदा तिच्यामागे चार बोटे दूर ठेवला. दिवे वर, पुढच्या बाजूस, पट्टीआड. इंजिनाची सावली आता रुळांवर पडू लागली आणि आकाश मोकळे झाले.

या छंदात जगभर मोठी माणसे होऊन गेली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॉंटेरे येथे जॉन ॲलन यांनी घराच्या तळघरात रंगवलेले पडदे आणि आरसे वापरून लहानशा जागेत पर्वतरांगा उभ्या केल्या होत्या. १९७३ च्या जानेवारीत ते वारले आणि काही दिवसांतच आग लागून ते सारे नष्ट झाले. आम्हांस अधिक जवळचे वाटतात ते रॉय इंग्लंड. हे गृहस्थ मूळचे ऑस्ट्रेलियाचे. १९२५ साली इंग्लंडात गेले, तेथील एका खोऱ्यातली गवताच्या छपरांची जुनी घरे पाहून मोहित झाले, आणि ती एकेक करून बदलू लागलेली पाहताच त्यांच्या हुबेहूब लहान प्रतिकृती करावयाच्या या ध्यासाने आयुष्य घालवले. त्यांनी स्थापलेले पेंडन संग्रहालय १९५४ पासून लाँग विटनहॅम या गावी आहे. परमुलखातून आलेला माणूस दुसऱ्यांच्या घरांची खिडकी अन् खिडकी मोजतो, आणि आपण मात्र आपला डोंगर कॅलेंडरावरून उतरवतो! असो.

२०१० च्या गणेशोत्सवात नवा पडदा लागला. मुलांनी दोन गोष्टींवरून आम्हांस छेडले. डोंगर वरून सपाट का, तुम्हांला टोक काढता आले नाही का? आणि निळा रंग संपला होता का? नागफणी दाखवून टोक येते हे सिद्ध करावे लागले. त्यांतील तिघे-चौघे पुढे शिक्षणासाठी पुण्यामुंबईस गेले. एकाने पहिल्याच पावसाळ्यात खंडाळ्याहून काढलेले छायाचित्र आम्हांस पाठवले आणि खाली लिहिले, "काका, खरेच टोक नाही."

आजी तिसऱ्या दिवशी आरतीनंतर आल्या. या खेपेस खुर्ची मागवून बसल्या. गाडीच्या किती फेऱ्या झाल्या ते मोजले नाही, पण प्रसादाची वाटी त्यांच्या हातात तशीच राहिली होती. बोगद्यातून गाडी निघे तेव्हा त्या ओठांतल्या ओठांत काही म्हणत. जवळ जाऊन ऐकले, तर स्थानकांची नावे होती. आम्ही बाजूस उभे होतो, परीक्षेचा निकाल ऐकावा तसे. अखेर त्यांनी डावीकडे बोट दाखवले. "ठाकूरवाडीला एवढं ऊन नसतं रे पावसात."

त्याच रात्री डिस्टेंपर कालवून त्या जागेवर राखाडी हात मारला. घाईत तो किंचित गडद झाला आणि वाळल्यावर आजूबाजूस मिसळला नाही. पुढे अनेकदा सुधारावा म्हटले, पण आजी गेल्यावर हात लावला नाही. सुवर्णमहोत्सवानिमित्त तो पडदा कोठीतून काढून मागच्या व्हरांड्यात लावला आहे. डाव्या कडेपासून साधारण दोन हातांवर तो डाग दिसेल. चहा तिकडेच ठेवला आहे, असे चिटणीस खुणावीत आहेत.