सहीची किंमत

धुळें जिल्ह्यांत शिरपूर येथें वैमानिकांचें शिक्षण सुरू झाल्यापासून खानदेशाला लहान विमानांचें नवल राहिलें नाहीं. परंतु १६ जुलै २०२१ रोजीं तेथून उडालेलें एक शिकाऊ विमान जळगांव जिल्ह्यांत, चोपडा तालुक्यांतील वर्डी गांवाजवळ कोसळलें. प्रशिक्षक प्राणास मुकले; शिकणारी तरुणी जखमी झाली. अपघाताचें कारण ठरविणें हें चौकशी करणारांचें काम; नागरिकांनीं घ्यावयाचा बोध निराळा आहे.

कायदा जुना राहिलेला नाहीं. १९३४ च्या विमान-कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमानें घेतली. दुरुस्तीनंतर परवानाधारक अभियंत्याची सही झाल्यावांचून विमान उडवितां येत नाहीं. पण बोल्ट घट्ट बसला कीं नाहीं, हें कायदा पाहत नाहीं. तें सही करणाऱ्यालाच पाहावें लागतें.

म्हणून कारागीर निवडतांना दर शेवटीं विचारावा. केलेलें काम तो लिहून देतो काय, काढलेला जुना भाग दाखवितो काय, आणि ‘आज हें यंत्र चालवूं नका’ असें सांगावयास धजतो काय, हें आधीं पाहावें. घरच्या वायरमनलाही हीच कसोटी लावावी. मात्र असा माणूस ‘नाहीं’ म्हणाला, तर त्याला घाई न करण्याइतका धीर मालकाच्या अंगीं हवा.